राख देते काय

अण्णा,

तुमचा राखेचा डबा परवा तळघरातून वर आणला. तुपाचा पाच किलोचा डबा, झाकणाच्या कडेने तुम्ही ओतलेलं मेण अजून बहुतेक शाबूत. बावीस वर्षांपूर्वी मी चाकू घालून उघडला, तिथला तेवढा टवका उडालेला. आम्ही हे घर सोडतोय. मुलगी शिकायला हॅम्बर्गला गेली, चार खोल्यांत आम्ही दोघंच उरलो, तेव्हा इथेच हॅनोव्हरमध्ये लहान घर घ्यायचं ठरलं. इथे प्रत्येक घराला तळघरात एक जाळीची खोली मिळते, केलर म्हणतात तिला, आणि घर सोडताना ती झाडून द्यावी लागते. करारात शब्द आहे ‘बेझेनराइन’, म्हणजे झाडूने स्वच्छ. तुम्हाला आवडला असता. सरळसरळ तृतीया तत्पुरुष आहे.

झाकणावर तुमचं अक्षर आहे: ‘उड्डीयमानं भस्म। परीक्षणार्थम्।’ अख्खं वीज केंद्र जिला फ्लाय अॅश म्हणायचं, कोळसा जळल्यावर धुराबरोबर वर उडणारी ती करडी, पिठासारखी राख, तिला तुम्ही एकट्याने हे नाव दिलं होतं. मी म्हटलं होतं, “अण्णा, कस्टमवाल्यांसाठी इंग्रजीत लिहून द्या ना.” तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. “जर्मनीला चालली आहेस ना? जर्मन लोकांना संस्कृत येतं.” “सगळ्यांना?” “सगळ्यांना नसेल. पण ऑफिसात एखादा येणारा असतोच. बोलावतील त्याला.” बावीस वर्षं इथे राहून सांगते, अण्णा, नसतो. मी नगरपालिकेत, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे लक्ष ठेवून आहे. अजून एक भेटलेला नाही.

मुलगी आवराआवरीला आली होती. तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर ती जर्मनमध्ये देते. तुमची नात आहे, पण तुमच्याशी कोणत्या भाषेत भांडली असती देव जाणे. डबा दिसल्यावर म्हणाली, “आख, दा इस्ट या ओपा!” अरे, हे तर आजोबा! हा आमच्या घरातला जुना विनोद. पाहुणे आले की कुणीतरी मला तो सांगायला लावतं आणि मी सांगते, इतक्या वर्षांत चांगला घोटून झालाय. पण परवा तिने पुढे विचारलं, जे कुठल्याच पाहुण्याने कधी विचारलं नव्हतं: ही राख तू आणलीस कशाला? मी खोक्यावर बसले आणि तिला सांगितलं. पहिल्यांदाच, शेवटपर्यंत. ती हातातला टेप तसाच धरून ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, “उंड? हाट एअर एस गेवुस्ट?” आणि? त्यांना कळलं होतं का?

म्हणून हे पत्र. नाही कळलं तुम्हाला. कळू दिलं नाही मी.

सुरुवात आईच्या स्वयंपाकघरातून करते, कारण तुमच्या शोधाचा खरा जन्म तिथला. तुम्ही वीज केंद्राच्या पाणी-प्रयोगशाळेत केमिस्ट, आणि आपल्या वसाहतीच्या खाली, नाल्याच्या काठाला, कोसा रेशीम रंगवणाऱ्यांची गल्ली. त्या गल्लीतून आईने घेतलेली लाल साडी पहिल्या धुण्याला बादलीभर रंग सोडते. तुम्ही ऑफिसच्या पिशवीतून कागदात बांधलेली राख काढता, बादलीत ओतता आणि ढवळायला हाताला येते ती आईची रवी घेता. आई ताकासाठी रवी शोधत येते तेव्हा तुम्ही न्हाणीघरात उकिडवे बसून लाल पाणी घुसळताय. “अहो, ही काय थेरं! त्याच रवीने तुम्हाला ताक हवं असतं ना रोज?” तुम्ही मान वर न करता म्हणता, “सकाळपर्यंत थांब.” सकाळी बादलीच्या तळाशी तांबूस चिखल आणि वर पाणी, खालच्या चिखलाचा कण न् कण दिसेल असं. तुम्ही मला झोपेतून उठवून ते दाखवलंत. “बघ. प्रसन्न. प्र अधिक सद्, सद् म्हणजे बसणं. जे बसायचं ते खाली बसलं की पाणी प्रसन्न होतं. माणसं प्रसन्न व्हायला लागली ती नंतर.” आई मागून म्हणाली, “पाणी झालं असेल. मी झालेली नाही. नवी रवी आणा.”

त्या गल्लीवर प्रदूषणवाल्यांची नोटीस लागलेली होती. रंगाचं पाणी नाल्यात, नाल्याचं पाणी खालच्या विहिरीत, आणि यंत्र बसवायची ऐपत गल्लीत कुणाची नाही. इकडे वीज केंद्राला आपली राख कुठे टाकावी कळत नव्हतं, राखेचा तलाव भरून वाहत होता. या दोन अडचणी एकमेकींना भेटवायच्या, एवढंच तुमचं म्हणणं. लोखंडी पिंप, खाली खडी, मध्ये वाळू, वर राख. वरून लाल पाणी, खालून नितळ. साहेब लोक हसले. तुम्ही नाही हसलात, पण घाईही केली नाहीत, आणि हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात घाई तुमची नव्हती. तुम्ही म्हणत होतात, राख रंग धरून ठेवते हे आईच्या बादलीत दिसलं, पण कोळशात जमिनीखालचं काय काय असतं. जळून उरतं तेव्हा ते राखेत आणखी दाट होतं. उद्या या राखेनेच पाण्यात काही सोडलं तर? ते पकडणारं यंत्र तुमच्या लॅबमध्ये नव्हतं. मी पीएच.डी.ला चालले होते त्या हॅनोव्हरच्या युनिव्हर्सिटीत होतं. मुंबईला विमानतळाच्या दारात, आई डोळे पुसत असताना, तुम्ही डबा माझ्या हातात दिलात आणि आशीर्वादाच्या जागी म्हणालात, “घेते, ते कळलं. देते काय, ते बघ.”

आता विनोद. फ्रांकफुर्टला कस्टमच्या माणसाने डबा टेबलावर ठेवला, तुमच्या संस्कृतकडे बराच वेळ आदराने बघितलं आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, “आश.” राख. कसली राख? मला तेव्हा सहा महिन्यांचं जर्मन येत होतं आणि त्यातली षष्ठी नुकतीच झाली होती. बाकी वर्ग षष्ठीला घाबरायचा. मी नाही, मला तुम्ही दाढी करता करता षष्ठी पाठ करून घेतलेली. तेव्हा मी ताठ मानेने, प्रत्यय अचूक लावून म्हटलं, “डी आश माइनेस फाटर्स.” माझ्या वडिलांची राख. म्हणजे माझ्या वडिलांच्या वीज केंद्रातली, त्यांनी दिलेली, त्यांच्या कामाची. तो माणूस उभा राहिला. टोपी काढली. आवाज खाली आणून म्हणाला, “माइन बाइलाइट.” मला तो शब्द माहीत नव्हता, पण काहीतरी शुभेच्छा दिसते म्हणून मी शनिवार-रविवारच्या शुभेच्छांना देतात ते उत्तर दिलं: “डांके, ग्लाइशफाल्स.” धन्यवाद, तुम्हालाही! त्याने डबा दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिला. गाडीत बसल्यावर कोशात पाहिलं, तर बाइलाइट म्हणजे दुखवट्याचं सांत्वन. इथे पाहुणे हसतात. इथेच मी दरवेळी थांबते.

तुम्ही हसला असतात की नाही, मला ठरवता येत नाही. मी तुम्हाला हे कधी सांगितलंच नाही. तुम्ही धडधाकट होतात, रोज सायकलने लॅबमध्ये जात होतात, आणि मी परदेशाच्या दारात पहिलं वाक्य बोलले त्यात तुम्हाला मारून टाकलं होतं. तुम्ही शिकवलेलं तेव्हाच आठवायला हवं होतं: षष्ठी एवढंच सांगते की दोन गोष्टींचा संबंध आहे, कोणता संबंध, ते षष्ठी सांगत नाही, ते बोलणाऱ्याने सांगायचं असतं.

हॅनोव्हरला दुसऱ्या हिवाळ्यात निकाल आले. तुमची राख रंग घेते, शिसं घेते, अशी घेते की प्रोफेसरांनी बाटली खिडकीपाशी नेऊन दोनदा बघितली. मी त्याच दिवशी तुम्हाला लिहिलं, “अण्णा, घेते. उत्तम घेते.” तुमचं कार्ड आलं. एवढंच: “पूर्वार्ध पोचला. उत्तरार्धाची वाट बघतो.” मार्चमध्ये उत्तरार्ध माझ्या टेबलावर होता. साध्या पाण्यात तुमची राख गुणी मुलीसारखी वागते. पण पाणी आंबट असलं, आणि कोसा रंगवताना रंग बसायला पाण्यात आम्ल घालतातच, की ती आपल्या पोटातलं थोडं थोडं सोडायला लागते. आर्सेनिक. क्रोमियम. पहिल्या पाण्यात सर्वांत जास्त, मग कमी कमी. प्रोफेसर खूश झाले, कारण त्यांना नवं प्रकरण दिसलं. म्हणाले, छापून येईपर्यंत हे या भिंतींच्या आत राहू दे. आता विचार केला की दिसतं, त्या माणसाच्या डोक्यात दुसऱ्या युनिव्हर्सिट्या होत्या; विदर्भातल्या एका निवृत्तीला आलेल्या केमिस्टला त्याच्या मुलीने रविवारच्या फोनवर काय सांगावं, हे त्यांनी स्वप्नातही ठरवलेलं नव्हतं. ते मी ठरवलं. त्यांचं वाक्य मला सोयीचं पडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं असं काही सापडलं होतं, जे तुम्ही आधी बादलीत करून बघितलेलं नव्हतं, आणि ते मला काही दिवस एकटीला हवं होतं.

दर रविवारी तुम्ही आधी थंडीचं विचारायचात, मग जेवणाचं, मग म्हणायचात, “आणि देते काय?” मी म्हणायचे, “बघतेय अजून, अण्णा.” खोटं नव्हतं ते. निकालांचा तक्ता समोर भिंतीलाच लावलेला होता, फोनवर बोलताना मी त्याच्याकडेच बघत असायचे.

सातवीतला तो दिवस आठवतो? संस्कृतच्या तपासनीसांसमोर मी फळ्यावर संधीचा नियम लिहिला होता, पुढे विजातीय स्वर आला की इ-चा य होतो. उदाहरणं अचूक, अक्षर सुंदर, पूर्ण मार्क. घरी नाचत आले तर तुम्ही विचारलंत, “आणि द्विवचन?” द्विवचनी रूपाचा ई तसाच राहतो, त्याला संधी होत नाही, हे मला येत होतं. फळ्यावर जागा होती, वेळही होता. पण त्याने नियमाची शोभा गेली असती म्हणून मी लिहिलं नव्हतं. तुम्ही ओरडला नाहीत. वरणभात कालवत म्हणालात, “पूर्ण मार्क मिळाले म्हणजे उत्तर पूर्ण झालं असं नाही. नियम सांगितलास, अपवाद गिळलास.” मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. (दोघं जवळ आले तरी संधी होत नाही, हा अपवाद पुढे जर्मन माणसाशी लग्न केल्यावर मला फार उपयोगी पडला, पण ते वेगळं पत्र.)

ऑक्टोबरात गल्लीच्या नोटिशीची मुदत संपली. तुम्ही सात महिने माझी वाट पाहिलीत, अण्णा, आणि मग माझ्या पूर्वार्धावर विसंबून पिंपं बसवलीत. बसवणारच. मुलीने ‘उत्तम’ लिहिलं होतं, आणि ‘बघतेय अजून’ याचा अर्थ तुम्ही असा घेतलात की वाईट काही असतं तर तिने एव्हाना सांगितलं असतं. तुम्ही फोटो पाठवलात. तीन पिंपं ओळीने, शेजारी तुम्ही इस्त्रीच्या शर्टात, आणि गल्लीतली एक बाई पेल्यात नितळ पाणी धरून कॅमेऱ्याला दाखवतेय. मागे तुम्ही लिहिलं होतं, ती काय म्हणाली ते: “साहेब, पाणी तर काच होऊन राहिलं!” तो फोटो मी भिंतीवर लावला. जागा तक्त्याशेजारीच होती. दोन्ही एकाच नजरेत मावत होते, आणि तरी मी त्या रविवारी थंडीबद्दल बोलले.

फेब्रुवारीत दादाचा फोन आला. सकाळी दाढी करताना तुम्ही पाटावर बसलात, आईला म्हणालात पाणी दे, आणि ती पाणी घेऊन आली तेव्हा नव्हतात. नऊ दिवसांनी माझी तोंडी परीक्षा होती. दादा म्हणाला, “तू पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल. परीक्षा दे. अण्णा हेच म्हणाले असते.” सगळ्यांनी मला नेहमी सोयीची वाक्यं दिली आहेत, अण्णा, मी कधी एकही परत केलं नाही. तुमची खरी राख दादाने सावडली, दादाने नदीत सोडली. मी ती पाहिली नाही.

लॅबमध्ये मी कुणाला बोलले नाही. इथे परीक्षा पास झाल्यावर सहकारी आपल्या हाताने पुठ्ठ्याची टोपी करून डोक्यावर घालतात, ज्याच्या त्याच्या संशोधनातल्या गमतीजमती तिच्यावर चिकटवलेल्या असतात. माझ्या टोपीवर बाटल्यांची बुचं होती, गाळणकागदाची फुलं होती, आणि मधोमध एक इवलासा पत्र्याचा डबा, त्यावर लिहिलेलं ‘पापा’. कस्टमचा विनोद मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितला होता ना. सगळे टाळ्या वाजवत होते. तुम्ही जिवंत असताना मी तुम्हाला मेलेलं होऊ दिलं, आणि मेलात तेव्हा टोपी घालून हसले. फोटो आहे त्याचा. टोपी मला छान दिसतेय.

मग तुमच्या लॅबमधल्या काकांचं पत्र आलं. तुमच्या टेबलाबद्दल, तुमच्या सायकलबद्दल, आणि शेवटी, मला बरं वाटावं म्हणून, गल्लीबद्दल. पिंपं उत्तम चालली आहेत. पिंपातली राख महिन्याने बदलतात, आणि काढलेली राख गल्लीतल्या बायका घरी नेतात, भांडी घासायला. म्हणतात, “साहेबांची राख आहे, भांडी लखलखतात.”

साहेबांची राख. पुन्हा षष्ठी, आणि पुन्हा कुणीच सांगितलं नाही की कोणता संबंध. त्यांच्यासाठी ती तुमची आठवण होती. चुलीतली राख संपली, तुमची आली, यात त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे राख म्हणजे भांडी घासायचीच. तुम्हाला उत्तरार्ध ठाऊक असता तर तुम्ही स्वतः दारोदार जाऊन ती ताटं धुवून घेतली असतीत. मलाही ते सुचायला हवं होतं, आईला रोज राखेने पितळ घासताना बघून मी मोठी झाले. पण हॅनोव्हरच्या लॅबमध्ये वापरलेली राख पिवळ्या पिंपात जाते, आणि पिवळ्या पिंपानंतर ती कुठे जाते हा प्रश्न तिथे पडत नाही. रंग, शिसं, आर्सेनिक, जे जे त्या राखेने पोटात घेतलं होतं ते सगळं मुठीमुठीने घरोघरी ताटावाट्यांवर फिरत होतं. ज्या बाईने पेला वर धरला होता, तिच्याही घरी.

मी काय केलं ते सांगते. काकांना लगेच उत्तर पाठवलं. एक ओळ पुरली असती: ‘काका, वापरलेली राख बायकांना देऊ नका, आजच थांबवा.’ कार्डावर मावली असती, तुमच्या कार्डांवर याहून मोठ्या गोष्टी मावायच्या. पण ती ओळ लिहायची तर मला हे कधीपासून माहीत आहे हेही आलं असतं, आणि काका तारखा बघणारे. म्हणून मी प्रबंधाचं अख्खं चौथं प्रकरण पाठवलं. चाळीस पानं, इंग्रजीत, आलेखांसह. महत्त्वाचं वाक्य चौतिसाव्या पानावर, कर्मणी प्रयोगात. काकांचं उत्तर आलं: “अभिनंदन! अण्णांना किती आनंद झाला असता. फाइलला लावून ठेवलं आहे.” यावेळी अपवाद गिळला नव्हता, अण्णा. इंग्रजीत पुरला होता.

दोन वर्षांनी मी आले तेव्हा गल्ली उठलेली होती, कुणी सुरतेला गेलं होतं, कुणी पॉवरलूमवर. तुमचं एक पिंप सापडलं, मंडपवाल्याच्या अंगणात, पाणी भरलेलं. मी रिक्षातून उतरले नाही. कुणाला काही झालं का, किती दिवस ते चाललं, ती पेल्यावाली बाई कुठे आहे, हे विचारायला तेव्हाही माणसं होती. मला माहीत नाही. आणि हे ‘माहीत नाही’ मी इतकी वर्षं फार जपून वापरलं आहे.

आता मी इथे सांडपाण्याच्याच कामात आहे, शहरांना सल्ला देते. तुम्हाला गंमत वाटेल, इथे कोळशाची वीज केंद्रं एकेक करून बंद होताहेत आणि सिमेंटवाले ओरडताहेत की राख मिळत नाही. जी फुकट घ्या म्हणून तुम्ही साहेबांच्या मागे लागायचात, तिच्यासाठी इथे लोक रांगेत उभे आहेत. मागे एका बैठकीत एकाने स्वस्त गाळणीसाठी राखेचा विषय काढला. सगळे माझ्याकडे वळले, कारण माझा प्रबंध त्याच्यावर. मी तासभर बोलले आणि सुरुवातच ती देते काय यापासून केली. बाहेर पडल्यावर एकजण म्हणाला, तुम्ही फारच सावध आहात हं. मी म्हटलं, गेनाऊ. अगदी बरोबर. दुसरं काय म्हणणार?

तर काल डबा घेऊन मी कचरा केंद्रावर गेले. व्हेर्टश्टोफहोफ म्हणतात त्याला, तिथे काच, लोखंड, लाकूड, रंग यांची वेगवेगळी मोठी खोकी असतात आणि नारिंगी कपड्यांतला माणूस कुठलं काय कुठे ते सांगतो. भस्माचा मूळ धातू भस्, त्याचे दोन अर्थ तुम्ही सांगितले होते, चमकणं आणि दटावणं. चमकणं बायकांच्या ताटांवर झालं, दटावणं माझ्या वाट्याला ठेवून तुम्ही निघून गेलात, असं काहीबाही मनात चाललं होतं. माणसाने विचारलं, “वास हाबन वीअर दा?” काय आणलंय? मी म्हटलं, “आश.” “कसली? शेगडीची?”

एक शब्द बोलायचा होता, ‘कोळशाची’. तो शब्द मला बावीस वर्षं येतोय. त्याने डावीकडचं खोकं दाखवलं असतं आणि तळघर झाडूने स्वच्छ झालं असतं.

मी म्हटलं, “डी आश माइनेस फाटर्स.”

त्याने हातमोजे काढले. डब्यावरचं तुमचं अक्षर बघितलं. मग जरा जवळ येऊन म्हणाला, हे इथे घेता येत नाही हो. आणि, आजूबाजूला बघत, खरं तर हे घरी ठेवायलाही परवानगी नाही, स्मशानातच ठेवावं लागतं. पण मी काही पाहिलेलं नाही. “माइन बाइलाइट.” मी फक्त डांके म्हटलं. डबा परत गाडीत ठेवला, शेजारच्या सीटवर, आणि कलंडू नये म्हणून त्याला पट्टा लावला. आता तो इथे टेबलावर आहे. नव्या घरात तळघर नाही. वरच ठेवावा लागेल, दिसेल असा.

तर उत्तरार्ध. मराठीत, एका कार्डावर मावेल इतका. अण्णा, राख जे घेते ते पक्कं धरून ठेवत नाही, आणि आंबट पाण्यात आपलंही विष सोडते. म्हणून आधी पाण्यात चुना घाला, राख दोनदा धुऊन मग पिंपात भरा, आणि वापरलेली राख विटांत कोंडा, कुणाच्या घरी जाऊ देऊ नका. तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ठाऊक आहे. “एवढंच ना? मग धुऊ.” आणि सोमवारी सायकलला चुन्याची पिशवी अडकवून गल्लीत गेला असतात. मुलीने चूक काढली म्हणून तुम्हाला वाईट वाटेल, ही भीतीसुद्धा माझी नव्हती कधी. ती मी नंतर बनवली, स्वतःला सांगायला बरी म्हणून.

हे पत्र इथेच राहील, पाठवायला कुणी नाही. फक्त एक राहिलं. तो कस्टमचा विनोद मी सांगते तसा पूर्ण खरा नाही. ‘ग्लाइशफाल्स’ मी म्हटलेलंच नाही, ते मागाहून घातलं, लोक तिथे हसतात म्हणून. कोशातही काही पाहिलं नाही. ‘बाइलाइट’ आमच्या पुस्तकात अकराव्या धड्यात होता. त्या माणसाने टोपी काढली तेव्हाच मला कळलं होतं, तो काय समजला आहे ते. डबा कस्टममधून सुटत होता, म्हणून मी मान खाली घातली.